सडा ओसाड नसतो: प्रकल्पाचा परिणाम-अहवाल शेतकऱ्याने कसा तपासावा



ह्या पानावर आपण नेहमी भाताची कीड, माडाचे खत, काजूचा मोहर, गुरांची लस, पिण्याचे पाणी अशा विषयांचा विचार करतो. आज एक निराळा धडा घ्यावयाचा आहे. तो कागदपत्रांचा आहे, तरी शेताशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे.

गावच्या डोंगरावर किंवा किनाऱ्यावर विमानतळ, खाण, मोठा रस्ता, हॉटेल, वसाहत असे काही येऊ घातले की मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत एक जाडजूड अहवाल तयार करावा लागतो. त्याला पर्यावरणीय परिणाम-अहवाल म्हणतात. त्या जागेत कोणती झाडे आहेत, कोणते प्राणी राहतात, पाणी कोठून कोठे जाते, आणि प्रकल्प झाल्यावर ह्या सर्वांचे काय होईल, हे त्यात लिहावयाचे असते. आपल्यापैकी बहुतेकजण हा अहवाल कधी पाहत नाहीत. कोणी आणून दाखविला तरी 'हे शिकलेल्या माणसांचे काम' असे म्हणून आपण तो बाजूला सारतो.

आम्हांला असे वाटते की हे काम मुख्यतः आपलेच आहे. अहवाल लिहिणारी मंडळी थोडे दिवस येतात, मोजमाप घेतात आणि जातात. पण ऑगस्टात सड्यावर काय फुलते, उन्हाळ्यात कोणती झर आटत नाही, गवा रेडा कोणत्या वाटेने उतरतो, हे गुरे राखणाऱ्याला, काजू वेचणाऱ्या बाईला आणि मानशीवर जाळे लावणाऱ्याला ठाऊक असते. हे ज्ञान कागदावर आले नाही, तर निर्णय घेणाऱ्याच्या दृष्टीने ती झर आणि ती वाट तेथे नसतेच. आजच्या धड्याचे सार एवढेच आहे. ते का, हे पेडणे आणि डिचोली ह्या आपल्याच दोन तालुक्यांवरून पाहू.

अभयारण्य नाही, म्हणून वन्यजीव नाहीत काय?

गोव्यात मोलेचे राष्ट्रीय उद्यान आणि सहा अभयारण्ये आहेत: भगवान महावीर, कोतिगाव, बोंडला, म्हादई, नेत्रावळी आणि चोडण बेटावरील सलीम अली पक्षी अभयारण्य. ह्यांपैकी एकही पेडणे तालुक्यात किंवा डिचोली तालुक्यात नाही. डिचोलीच्या शेजारचे चोडणचे अभयारण्य १९८८ साली झाले; त्याचा विस्तार केवळ १.७८ चौरस किलोमीटर, म्हणजे एका लहान वाड्याएवढा.

त्यामुळे आपल्या भागातील प्रकल्पाच्या कागदांत एक वाक्य सहज लिहिता येते: 'जवळचे अभयारण्य इतके किलोमीटर दूर आहे, सबब परिणाम नाही.' येथेच वाचकाने थांबावे. कायद्याने संरक्षण दोन प्रकारचे आहे. एक जागेचे, म्हणजे अभयारण्याची हद्द. दुसरे प्राण्याचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बिबट्या, गवा, मोर, अजगर, खवले मांजर, समुद्रातील ऑलिव्ह रिडले कासव अशी नावे आहेत. हे प्राणी अभयारण्यात असोत, कोमुनिदादीच्या डोंगरावर असोत की आपल्या कुळागरात असोत, कायद्याचे छत्र त्यांच्याबरोबर फिरते. म्हणून 'अभयारण्य किती दूर?' हा प्रश्न विचारून झाल्यावर 'हे प्राणी ह्या जागेचा उपयोग कशासाठी करतात?' हा दुसरा प्रश्न विचारलाच पाहिजे.

हा प्रश्न आमच्या पदरचा नाही. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर २००६ रोजी ह्या विषयीची अधिसूचना काढली. तिच्याबरोबरच्या अर्ज क्रमांक १ मध्ये प्रकल्पवाल्याला विचारले आहे की, १५ किलोमीटरच्या आत संरक्षित, महत्त्वाच्या किंवा संवेदनशील जातींचे प्राणी व वनस्पती ज्या जागा प्रजननासाठी, घरट्यासाठी, चाऱ्यासाठी, विसाव्यासाठी, हिवाळा काढण्यासाठी किंवा स्थलांतरासाठी वापरतात, अशा जागा कोणत्या? हे सहा शब्द आपण पाठ करावेत. त्याच अर्जात जंगले, पाणथळ जागा, ओहोळ-नद्या, डोंगर ह्यांविषयीही निराळा प्रश्न आहे.

मोपाच्या सड्याने काय शिकविले?

पेडणे तालुक्यातील मोपा, वारखंड, चांदेल, कासारवर्णे, उगवे ह्या गावांच्या मध्ये जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सडा आहे. तेथे विमानतळासाठी दोन हजार एकरांहून अधिक जमीन घेण्यात आली. १ फेब्रुवारी २०१५ रोजी लोकसुनावणी झाली आणि २८ ऑक्टोबर २०१५ रोजी केंद्राने पर्यावरणाची मंजुरी दिली. काही नागरिक व संस्था राष्ट्रीय हरित लवादाकडे गेल्या. लवादाने २१ ऑगस्ट २०१८ रोजी मंजुरी कायम ठेवली व काही जादा अटी घातल्या. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

२९ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती हेमंत गुप्ता ह्यांनी निकाल दिला व मंजुरी स्थगित केली. विमानतळ चांगला की वाईट, ह्यावर तो निकाल नव्हता. अर्जात आजूबाजूच्या जंगलांची व संवेदनशील क्षेत्रांची जी माहिती द्यावयास हवी होती ती दिलेली नव्हती. आणि ज्या तज्ज्ञ समितीने अर्ज तपासला, तिने ह्या उणिवांचा नीट विचार करून कारणे नोंदविली नव्हती, असे न्यायालयाला आढळले. अर्जातील रकाने ही औपचारिक गोष्ट नाही, प्रकल्पवाल्याने खरी व पूर्ण माहिती देणे हाच ह्या सर्व व्यवस्थेचा पाया आहे, असा त्याचा अर्थ. समितीला पुन्हा विचार करण्यास सांगण्यात आले. समितीने नव्या अटींसह शिफारस केली आणि १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठविली. अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचे काम नागपूरच्या 'नीरी' संस्थेकडे सोपविले.

पुढचे आपण जाणतोच. ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले व ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. आज तेथे आपली काही मुले नोकरी करतात, कोणी टॅक्सी चालवतात. ज्यांच्या काजूच्या बागा आणि गुरांचे चरण गेले, तेही आपलेच आहेत. ह्या पानावर कोणाचा निवाडा करण्याचा आमचा हेतू नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चार वर्षांनंतर न्यायालयात जी चर्चा झाली, ती २०१५ च्या आधी गावातच, पुराव्यानिशी, कागदावर व्हावयास हवी होती. तोवर ५० हजारांहून अधिक झाडांचा प्रश्न पुढे आला होता. झाड तोडल्यावर त्याच्या ढोलीत कोण राहत होते, ह्याची चौकशी करून काय लाभ?

सहा शब्द आणि आपली भूमी

आता ते सहा शब्द एकेक करून आपल्या भूमीवर लावून पाहू.

प्रजनन. मार्च-एप्रिलात सडा पाहिला तर काळा, तापलेला, उघडा कातळ दिसतो. सरकारी कागदांत अशा जमिनीला 'पडीक' म्हणण्याची रीत आहे. मृगाचा पाऊस पडला की त्याच कातळाच्या खळग्यांत पाणी साचते. बेडूक अंडी घालतात, चतुर येतात, त्यांच्यामागून पक्षी येतात. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे, दवबिंदू अशा किडे खाणाऱ्या चिमुकल्या वनस्पती फुलतात, कारण त्या उथळ मातीत दुसरे अन्न पुरेसे नसते. ही सारी सृष्टी चार महिन्यांत आपला संसार आटोपते आणि बीजरूपाने पुन्हा मातीत जाते.

घरटे. मोरजी व मांद्रे येथील किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री येऊन वाळूत खड्डा करतात व एका वेळी सुमारे शंभर अंडी घालून परत जातात. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि रात्री जिकडे अधिक उजेड तिकडे चालू लागतात. पूर्वी हा उजेड समुद्राच्या पाण्यावरचा असे. आज मागे दिवे लागलेले असले, तर पिल्ले पाण्याकडे पाठ फिरवून रस्त्याकडे जातात. पर्यटनाचा हंगाम व कासवाचा हंगाम एकच आहे, हे विसरून चालणार नाही. २०११ च्या किनारी क्षेत्राच्या अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, गालजीबाग व आगोंद हे किनारे कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा म्हणून नावानिशी नोंदले गेले. नाव कागदावर असले की काय होते, ह्याचे हे चांगले उदाहरण: तेथे दिवा, संगीत, खुर्च्या ह्यांविषयी प्रश्न विचारण्यास आधार मिळतो. डोंगरावरही घरटी असतात. धनेश पक्ष्याला जुन्या, मोठ्या झाडाची ढोली लागते. मादी आत बसून तोंड लिंपून घेते आणि नर बाहेरून फळे आणून भरवतो. अशा एका वडाच्या बदल्यात शंभर रोपे लावली, तरी ढोली तयार होण्यास आपल्या नातवंडांचा काळ येईल.

चारा. खाजनात, खारफुटीच्या मुळांत कोळंबी व मासळीची पिल्ले वाढतात. त्यांवर पाणमांजर, खंड्या, बगळे जगतात, आणि आपल्या मानशीची मासळीही तेथूनच येते. खाजनाचा बांध फुटला किंवा भराव पडला, तर पाणमांजराचा चारा आणि आपली आमटी एकाच दिवशी जाते.

विसावा. भरतीच्या वेळी शापोरा नदीच्या मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यांवर कुरव व सुरय पक्ष्यांचे थवे बसलेले असतात. ते काही खात नसतात, म्हणून 'रिकामे बसले आहेत' असे वाटते. पण ही विश्रांती मिळाली नाही, तर लांबच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठत नाही.

हिवाळा काढणे. आपल्याकडे थंडीचा जाच नाही, म्हणून उत्तरेकडील पुष्कळ पक्षी ऑक्टोबर ते मार्च आपल्या नदीमुखांवर, तळ्यांवर, वायंगण शेतांत राहतात. मे महिन्यात पाहणी केली तर त्यांपैकी जवळजवळ कोणीच दिसणार नाही, आणि अहवालात 'पक्षी तुरळक' असे लिहिले जाईल. लिहिणारा खोटे बोलला असे होणार नाही. तो चुकीच्या महिन्यात आला एवढेच.

स्थलांतर. कर्नाटकातील जंगलांतून हत्ती २००२ सालापासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात येऊ लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये 'ओंकार' ह्या नावाने ओळखला जाणारा हत्ती पेडणे तालुक्यात उतरला आणि ऐन पिकाच्या दिवसांत भातशेतीची नासाडी झाली. शेतकऱ्याचा संताप योग्यच आहे. त्याला नुकसानभरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. परंतु हत्ती, गवे, बिबटे हे जंगलाच्या सलग पट्ट्यातून चालतात. तो पट्टा रस्ता, खाण, वसाहत ह्यांनी तुटला, तर ती वाट आपल्या शेतातून जाते. महाराष्ट्र सरकारने २०२० साली तिळारी येथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले, ते ह्याच पट्ट्यातले. तेव्हा वन्य प्राण्याच्या वाटेचा प्रश्न हा आपल्या पिकाच्या संरक्षणाचाही प्रश्न आहे.

अहवाल हाती आला की पाच प्रश्न

पहिला प्रश्न: पाहणी कोणत्या महिन्यांत केली? पुष्कळ प्रकल्पांना एकाच ऋतूची, तीही पावसाळा सोडून, माहिती चालते. सड्याच्या बाबतीत तर पावसाळा सोडणे म्हणजे शेत पाहायला जाऊन कापणी झाल्यावर भात मोजण्यासारखे आहे. पाहणीच्या तारखा अहवालात असतात. त्या प्रथम शोधाव्यात.

दुसरा प्रश्न: पाहणी किती अंतरापर्यंत केली? मोपाच्या पलीकडे लगेच महाराष्ट्राची हद्द आहे. नकाशा गोव्याच्या सीमेवर थांबत असेल, तर पलीकडचे जंगल, तिकडून येणारा ओहोळ व प्राण्यांची वाट ही सर्व कोरीच राहतात. तेरेखोल नदीला दोन्ही तीर असतात.

तिसरा प्रश्न: पाण्याचा हिशेब दिला आहे काय? एक सोपे गणित करू. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर, म्हणजे ३ मीटर पाऊस पडतो. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. म्हणजे एका हेक्टरावर ३०,००० घनमीटर, अर्थात ३ कोटी लिटर पाणी पडते. जांभा दगड सच्छिद्र असतो. ह्या पाण्याचा काही भाग तो पिऊन घेतो आणि डोंगराच्या पायथ्याशी झरीच्या रूपाने सावकाश सोडतो. त्या झरीवर एप्रिलात सुपारी, केळी, मिरी जगते व घरात पिण्याचे पाणी येते. त्याच हेक्टरावर काँक्रीट घातले, तर पाणी मुरत नाही. जुलैत ते एकदम खाली येऊन शेतात माती व दगड आणते आणि एप्रिलात झर आटते. तेव्हा किती हेक्टर झाकले जाणार, पाणी कोणत्या बाजूस सोडणार, पायथ्याच्या कोणत्या झरी मोजल्या, हे विचारावे. झरींची नावे अहवालात नसतील तर आपण द्यावीत.

चौथा प्रश्न: शेजारचे प्रकल्प हिशेबात धरले आहेत काय? ह्यासाठी डिचोलीकडे पाहावे. तेथे खाणींचे परवाने एकेका पट्ट्यासाठी वेगळे, अहवालही वेगळे. पण ओहोळ एकच, रस्ता एकच आणि मांडवीही एकच. प्रत्येक अहवालात 'परिणाम थोडा' असे लिहिले, तरी अनेक थोडे मिळून मोठे होते. शिरगाव, मुळगाव, मये, लामगाव ह्या भागांतील शेतकरी वर्षानुवर्षे सांगत आले की पावसात खाणीचा लाल गाळ शेतात उतरतो व विहिरी आटतात. ह्यात गूढ काही नाही. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की खाण कोरडी ठेवण्यासाठी रात्रंदिवस पाणी उपसावे लागते. भोवतालच्या जमिनीतले पाणी त्या खड्ड्याकडे धावते, आणि वरच्या विहिरी व झरी रित्या होतात. शेत सुकते तसे ओहोळातले मासे, बेडूक आणि त्यांवर जगणारे पक्षीही जातात.

न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये ह्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम होऊ नये असे म्हटले, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये नव्याने लिलाव झाले, तेव्हा आरंभीच्या गटांत डिचोली, शिरगाव-मये व मोंत द शिरगाव हे आपल्याच तालुक्यातले गट होते. ह्या नव्या मंजुऱ्यांसाठी पुन्हा अहवाल झाले, पुन्हा सुनावण्या झाल्या. म्हणजे आज दिलेला धडा जुन्या गोष्टींचा नाही. खाण थांबली तेव्हा कित्येक घरांची चूल थंड झाली, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच पुन्हा सुरू होताना ती शेत व पाणी राखून कशी चालेल, हे विचारण्याचा हक्क दोघांनाही आहे: खाणीवर काम करणाऱ्याला व शेतात राबणाऱ्यालाही.

पाचवा प्रश्न: उपाय कोणत्या क्रमाने सुचविले आहेत? योग्य क्रम असा: प्रथम हानी टाळावी, टाळता येत नसेल ती कमी करावी, झालेली पूर्ववत करावी, आणि उरलेल्या हानीचीच शेवटी भरपाई करावी. पुष्कळदा सरळ शेवटच्या पायरीपासून आरंभ होतो: 'इतकी रोपे लावू.' रोपे लावणे चांगलेच, पण कोठे, कोणत्या जातीची, पाणी कोण घालणार, तीन वर्षांनी किती जगली हे कोण मोजणार? आणि सड्यावर झाडे लावणे हा सड्याचा उपाय नव्हे. उघडा कातळ हेच त्याचे रूप आहे. किनाऱ्यावर दिवा समुद्राकडून वळविणे, हंगामात तो विझविणे, ओहोळाच्या दोन्ही बाजूंस पट्टा सोडणे, प्राण्यांच्या वाटेवर कुंपण न घालणे, असे टाळण्याचे उपाय बहुधा स्वस्त असतात. ते आधी मागावेत.

आरोग्याची बाजू

हे आरोग्याचेही पान असल्यामुळे एका रोगाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१५ साली सत्तरीत आणि २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात आढळला. काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांना त्याचा धोका अधिक. तो गोचिडीच्या चाव्याने होतो, आणि गोचिडी माकडांवर व रानातील लहान प्राण्यांवर असतात. जंगलाचे तुकडे होऊन माणूस, गुरे व माकडे एकमेकांच्या जवळ आली की अशा रोगांना वाट मिळते, असे जाणकार सांगतात. म्हणून प्रकल्प-अहवालात आरोग्याचे प्रकरण असल्यास त्यात धूळ व आवाज ह्यांबरोबर ह्या गोष्टीचाही विचार आहे काय, ते पाहावे. आणि घरच्यासाठी नियम साधा: रानात मेलेले माकड दिसल्यास हात लावू नये, आरोग्य केंद्राला व वनखात्याला त्वरित कळवावे. रानात अंगभर कपडे घालावेत, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करावी, आणि काजूच्या दिवसांत ताप आला तर रानात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आपण काय करावे?

१. वही ठेवावी. प्रत्येक वाड्यावर एक साधी वही पुरे. तीत चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, जागा, काय दिसले, कोणी पाहिले. 'गवे असतात' असे लिहून उपयोग नाही. 'अमुक तारखेला पहाटे, अमुक झरीवर, तीन गवे, एक पाडस' असे लिहावे. झर कोणत्या महिन्यापर्यंत वाहिली, विहिरीला किती हात पाणी होते, हेही लिहावे. मुलांकडे फोन असतो; त्यांच्याकडून छायाचित्र घ्यावे. मुलांना ह्या कामाची गोडी लागते. मात्र प्राण्याच्या जवळ जाऊ नये, घरटे हाताळू नये.

२. पंचायतीची नोंदवही तपासावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती व लोकांची जैवविविधता नोंदवही असावयाची असते. ती मागून पाहावी. आपला सडा, आपली तळी, आपले जुने वृक्ष तीत आहेत काय? नसतील तर वहीतील नोंदी देऊन त्या घालून घ्याव्यात. प्रकल्प येण्याआधी झालेली नोंद नंतरच्या तक्रारीपेक्षा कितीतरी वजनदार असते.

३. सुनावणीची तयारी करावी. लोकसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते. अहवालाचा मसुदा व त्याचा सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, पंचायत अशा ठिकाणी पाहावयास ठेवावा लागतो. सारांश स्थानिक भाषेतही असावा लागतो. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अतिरिक्त अधिकारी अध्यक्षस्थानी असतात. ही सूचना इगर्जीच्या फळ्यावर लावावी, मिस्सेनंतर वाचून दाखवावी. ग्रामसभा बहुधा रविवारी असते. तीतही विषय काढावा.

४. लेखी द्यावे. सुनावणी हे मतदान नव्हे. तेथे हात किती वर झाले हे मोजले जात नाही. पण जो मुद्दा मांडला जातो त्याची नोंद होते आणि प्रकल्पवाल्याला अंतिम अहवालात त्याचे उत्तर द्यावे लागते. आरडाओरड करून सभा उधळली तर नोंद होते ती गोंधळाची. पाच ओळींचे, तारखांसह लिहिलेले निवेदन दोन प्रतींत द्यावे आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवितात. ते होईपर्यंत घरी जाऊ नये.

५. मंजुरीनंतरही लक्ष ठेवावे. मंजुरीत अटी असतात. त्या पाळल्याचा अहवाल प्रकल्पवाल्याला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. माहितीच्या अधिकाराखाली तो मागता येतो. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे जाण्याची मुदत ३० दिवसांची आहे. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत ती वाढू शकते. त्यापुढे दार बंद होते.

शेवटी

कोणी म्हणेल, मोपाला एवढे सर्व होऊन शेवटी विमानतळ झालाच ना? झाला. परिणाम-अहवाल म्हणजे प्रत्येक प्रकल्प थांबविणारा अडसर नव्हे. काय गमावून काय मिळवीत आहोत, हे निर्णयापूर्वी उघड्यावर मांडण्याचा तो मार्ग आहे. मोपाच्या निकालामुळे एवढे तरी ठरले की रकाना कोरा ठेवून पुढे जाता येणार नाही. तो रकाना खऱ्या माहितीने भरण्याचे काम मात्र दिल्लीत बसून होणारे नाही. त्यासाठी झरीचे नाव ठाऊक असलेला माणूस लागतो, आणि तो आपल्याच गावात आहे.

आपण पेरणीआधी जमीन पाहतो, बी पाहतो, पाण्याची सोय पाहतो, मगच हात घालतो. गावाच्या डोंगराबाबतही तेवढीच चौकशी व्हावी, एवढीच आमची विनंती आहे. येत्या पावसाळ्यात एका रविवारी मुलांना घेऊन सड्यावर जावे, खळग्यांत काय फुलले आहे, कोण पोहते आहे ते पाहावे, आणि वहीचे पहिले पान त्याच दिवशी लिहावे.

घरी व वाड्यावर विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या वाड्यावरील कोणती झर मे महिन्यापर्यंत वाहते? ती कोणत्या डोंगरातून येते?

२. वर दिलेल्या सहा शब्दांपैकी कोणते शब्द आपल्या गावाच्या भूमीला लागू पडतात? प्रत्येकाचे एक उदाहरण द्या.

३. आपल्या पंचायतीची जैवविविधता नोंदवही कोणी पाहिली आहे? तीत काय राहून गेले आहे?

४. आपल्या भागात प्रकल्प येणार असेल, तर हानी टाळण्याचा कोणता एक साधा उपाय आपण सुचवाल?